एकाच नावाचे चार ताप

गोवर एकदा अंगावर निघून गेला की पुन्हा येत नाही, कांजिण्यांचेही बहुधा तसेच, हे आपल्या आजीला ठाऊक होते आणि ते खरेही आहे. त्यामुळेच की काय, डेंग्यूबद्दलही खेडोपाडी तशीच समजूत रुजली आहे. ‘आमच्या घरात मागेच होऊन गेला, आता भीती नाही,’ असे पुष्कळ जण सांगतात. या खेपेस आपल्या पानावर याच समजुतीचा विचार करावयाचा आहे. कारण डेंग्यूच्या बाबतीत ती नुसती चुकीची नाही, अगदी उलटी आहे. ज्याला हा ताप एकदा येऊन गेला, त्याने दुसऱ्या खेपेस अधिक जपावयाचे असते. असे का, हे समजण्यासाठी त्या विषाणूचे कूळ थोडे पाहिले पाहिजे.

शेतकऱ्याला हे समजावयास जड जाऊ नये. भात हे पीक एकच, पण जया निराळा, ज्योती निराळा, इंद्रायणी निराळा आणि खाजणातला कोरगुट त्याहून निराळा. एक खाऱ्या पाण्याला दाद देत नाही, दुसरा त्याच पाण्यात करपतो. डेंग्यूच्या विषाणूचेही असेच आहे. त्याचे चार मुख्य प्रकार आहेत आणि शास्त्रज्ञांनी त्यांना सरळ एक, दोन, तीन, चार असे क्रमांक दिले आहेत. या चौघांचे जनुकीय लिखाण ढोबळ मानाने दोन-तृतीयांश सारखे, बाकीचे वेगळे. म्हणजे भावंडे म्हणावीत तर चेहरे बरेच भिन्न, आणि परकी म्हणावीत तर नाकडोळे जुळतात. पुढील सारा घोटाळा या अर्ध्यामुर्ध्या साम्यातून होतो.

बरे, प्रत्येक प्रकाराच्या पोटात पुन्हा पोटवाण आहेत. याचे कारण विषाणूच्या वाढण्याच्या रीतीत आहे. त्याचे सारे लिखाण म्हणजे आरएनए नावाच्या धाग्यावरची सुमारे १०,७०० अक्षरे. आपल्या पेशीत शिरून तो त्याच्या नकला काढतो, पण त्याचा नक्कल करणारा कारकून घाईचा आहे. लिहिलेले पुन्हा तपासून पाहण्याची सवय त्याला नाही. साहजिकच चुका होतात. बहुतेक चुका विषाणूलाच भोवतात आणि ती प्रत वाया जाते. एखादी चूक मात्र त्याच्या फायद्याची ठरते आणि ती प्रत पसरू लागते. तांबेऱ्याला दाद न देणारा गव्हाचा वाण काही वर्षांनी त्याच रोगाला बळी पडू लागतो, हा अनुभव इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या शेतकरी बांधवांना असेल. तेव्हा गहू तोच असतो, तांबेरा बदललेला असतो.

डेंग्यूचा विषाणू एकच नाही, हे प्रथम दुसऱ्या महायुद्धात ध्यानात आले. पॅसिफिक महासागरातील बेटांवर अमेरिकी सैनिक या तापाने आडवे होत होते. आल्बर्ट सेबिन या शास्त्रज्ञाने (पुढे पोलिओची तोंडावाटे द्यावयाची लस त्यांनीच तयार केली) १९४४ च्या सुमारास स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग केले. त्यांना असे दिसले, की हवाईतील विषाणूने आजारी पडलेला मनुष्य त्याच विषाणूपासून पुढे सुरक्षित राहतो. परंतु न्यू गिनीतील विषाणूपासून त्याला मिळणारे संरक्षण जेमतेम दोन-तीन महिने टिकते. हे दोन म्हणजे आजचे क्रमांक एक आणि दोन. तीन आणि चार हे विल्यम हॅमन यांना १९५६ मध्ये मनिला शहरातील साथीत सापडले. ती साथ साध्या तापाची नव्हती. मुलांना रक्तस्राव होत होता, अंग गार पडत होते आणि काही मुले दगावत होती.

यानंतर थायलंडमध्ये स्कॉट हॅलस्टेड यांनी १९६० च्या दशकात बारकाईने पाहिले, की असे गंभीर होणारे मूल बहुतेक वेळा पहिल्या नव्हे, दुसऱ्या डेंग्यूने आजारी असते. अपवाद तान्ह्या बाळांचा. त्यांचा पहिलाच डेंग्यू कधीकधी गंभीर होई; पण त्यांच्या रक्तात आईकडून आलेली जुनी प्रतिपिंडे होती.

प्रतिपिंडे म्हणजे रक्तातील राखणदार. एका प्रकारचा डेंग्यू झाला की शरीर त्या प्रकारासाठी राखणदार तयार करते आणि ते आयुष्यभर पहारा देतात. दुसरा प्रकार आला की त्याचा चेहरा त्यांना ओळखीचा वाटतो, म्हणून ते त्याला धरतात. पण पकड अर्धवट असते, त्याला निकामी करू शकत नाही. आता रक्तात अशा काही पेशी आहेत, की राखणदाराने धरलेली वस्तू त्या आत ओढून घेतात आणि तिचा नाश करतात. डेंग्यूचा विषाणू वाढतो तो नेमका याच पेशींत! म्हणजे राखणदाराने चोराचा हात धरला आणि स्वतःच त्याला घराच्या माजघरात नेऊन सोडले. विषाणू फोफावतो, शरीर खवळते, आणि बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातील पाणी बाहेर झिरपू लागते. डेंग्यूचा खरा धोका हा आहे. प्लेटलेटच्या आकड्याकडे सारे घर डोळे लावून बसते, पण रुग्ण अधिक वेळा संकटात येतो तो या झिरपण्यामुळे.

एखाद्या प्रदेशात कोणता प्रकार केव्हा आला आणि त्याच्या मागोमाग कोणता आला, यावर साथीचे स्वरूप किती अवलंबून असते, हे क्यूबा या बेटाच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. बेट असल्याने बाहेरून काय आले आणि कधी आले, याचा हिशेब तेथे लागतो. कित्येक वर्षे डेंग्यू नसलेल्या त्या देशात १९७७ मध्ये पहिला प्रकार शिरला. पुढे केलेल्या रक्ततपासणीत देशातील सुमारे ४४ टक्के लोकांना त्याची लागण होऊन गेल्याचे आढळले. एवढी मोठी साथ, पण आजार सौम्य. अंगदुखी झाली, ताप आला, उतरला. लोक विसरूनही गेले असतील.

चार वर्षांनी, १९८१ मध्ये, दुसरा प्रकार आला आणि तो आशियाई मुळाचा होता. काही महिन्यांत ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली. १,१६,१४३ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. दहा हजारांवर रुग्ण गंभीर झाले आणि १५८ जण मरण पावले, त्यांत १०१ मुले होती. क्यूबाच्या डॉक्टरांच्या नजरेस एक विलक्षण गोष्ट आली. एक-दोन वर्षांची बालके या गंभीर आजारातून बहुतांशी वाचली होती. वास्तविक एवढ्या लहान मुलांना अधिक धोका असावयास हवा. पण ही मुले पहिली साथ ओसरल्यावर जन्मलेली होती. त्यांच्या रक्तात जुना राखणदारच नव्हता. तीन वर्षांवरील भावंडे मात्र दोन्ही साथींच्या मध्ये सापडली.

त्या वर्षी क्यूबाने डासांविरुद्ध अशी मोहीम उघडली, की ऑक्टोबरपर्यंत साथ थांबली आणि पुढे पंधरा वर्षे देशात डेंग्यू जवळजवळ राहिला नाही. मग १९९७ मध्ये सांतियागो द क्यूबा या शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला. या वेळी २०५ रुग्ण गंभीर झाले, १२ मरण पावले, आणि हे सारे प्रौढ होते. मूल एकही नाही. कारण सरळ आहे. मधल्या पंधरा वर्षांत जन्मलेल्या मुलांनी डेंग्यू पाहिलेलाच नव्हता, तर गंभीर झालेले जवळजवळ सर्व जण १९७७ च्या सुमारास पहिल्या प्रकाराने आजारी पडलेले होते. वीस वर्षांपूर्वीचा विसरलेला ताप त्यांच्या रक्ताच्या स्मरणात होता. मारिया गुझमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही साथींचा हिशेब मांडला, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. दोन लागणींमध्ये चार वर्षांचे अंतर असताना जेवढा धोका होता, त्याहून वीस वर्षांच्या अंतराने तो कितीतरी वाढला होता. काळ लोटला म्हणून धोका ओसरत नाही. निकाराग्वा देशातील मुलांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचा उलगडा झाला. प्रतिपिंडे भरपूर असली तर ती राखण करतात, मुळीच नसली तर घोटाळा करीत नाहीत. मधल्या, ओसरत्या पातळीवर असली म्हणजे ती घातक ठरतात.

इथवर वाचून कोणी म्हणेल, एकामागून दुसरा प्रकार आला की संकट ठरलेलेच. तसेही नाही, आणि पोटवाणाचे महत्त्व येथेच कळते. पेरू देशात ॲमेझॉन नदीकाठी इकितोस नावाचे शहर आहे. तेथे १९९० मध्ये पहिला प्रकार पसरला आणि १९९५ मध्ये दुसरा. अगदी क्यूबासारखाच क्रम, अंतरही जवळजवळ तेवढेच. हिशेबाप्रमाणे तेथे शेकड्यांनी, कदाचित हजारांनी गंभीर रुग्ण व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात एकही आढळला नाही! तपासात दिसले, की तेथे आलेला दुसरा प्रकार ‘अमेरिकी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या पोटवाणाचा होता, तर क्यूबात आलेला आशियाई. पहिल्या प्रकाराविरुद्धची प्रतिपिंडे या अमेरिकी पोटवाणाला बऱ्यापैकी आवर घालू शकत होती, आशियाईला नाही. पुढे २०१० च्या अखेरीस त्याच इकितोसमध्ये दुसऱ्या प्रकाराचाच आशियाई रक्ताचा पोटवाण पोहोचला, आणि २०११ च्या आरंभी तेथील रुग्णालये भरून गेली, माणसे मेली.

आपला या अमेरिकी पोटवाणाशी काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत १९५० च्या दशकापासूनचे विषाणू जपून ठेवलेले आहेत, जसे काही शेतकरी जुन्या वाणाची मूठभर कणसे आढ्याला बांधून ठेवतात. त्या संस्थेतील संशोधकांनी त्यांचे जनुकीय लिखाण वाचून २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून असे दिसते, की १९७१ पूर्वी आपल्या देशातही दुसऱ्या प्रकाराचा हा अमेरिकी पोटवाणच प्रामुख्याने होता. नाव अमेरिकी असले तरी वास्तव्य येथलेही! पुढे जगभर पसरलेल्या दुसऱ्या एका पोटवाणाने त्याची जागा घेतली. १९९६ मध्ये दिल्लीत जी मोठी साथ आली, १०,२५२ रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले आणि ४२३ जण दगावले, ती या नव्या पोटवाणाची होती. केवळ पोटवाण बदलल्यानेच ती साथ आली असे मी म्हणणार नाही. शहरे वाढली, पाणी साठवणे वाढले, प्रवास वाढला. परंतु बियाणे बदलले होते हे खरे. त्यानंतर २००३ पासून दिल्लीकडे तिसऱ्या प्रकाराने डोके वर काढले, आणि आज आपल्या देशात चारही प्रकार फिरत आहेत.

श्रीलंकेची कथा अशीच. चारही प्रकार तेथे होते, तरी १९८९ पूर्वी गंभीर रुग्ण तुरळक. त्या वर्षापासून ते वाढले. तिसऱ्या प्रकाराचा जुना पोटवाण जाऊन त्याच जागी नवा आला होता. २०१७ मध्ये दुसऱ्या प्रकाराने तेथे १,८६,१०१ रुग्णांची आणि ४४० मृत्यूंची साथ आणली. म्हणूनच सिंगापूरसारखी शहरे नेहमी रुग्णांच्या रक्तातील प्रकार तपासत असतात. सध्या कोणता प्रकार जोरावर आहे हे पाहावयाचे, आणि तो बदलू लागला की साथ येण्याआधीच तयारीला लागावयाचे. आपल्या जिल्ह्यांतून ही तपासणी आणखी नियमाने होईल तर फार बरे.

चार प्रकारांमुळे लसीचे कामही अवघड झाले. एकाच वेळी चौघांविरुद्ध पुरेसे संरक्षण हवे, नाहीतर लसच पहिल्या डेंग्यूची जागा घेते. फिलिपाइन्समध्ये एप्रिल २०१६ पासून आठ लाखांवर मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस टोचली गेली. ज्यांना पूर्वी कधीच डेंग्यू झालेला नव्हता त्यांना या लसीनंतर होणारा डेंग्यू अधिक गंभीर होऊ शकतो, असे नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनीच जाहीर केले आणि मोहीम बंद पडली. तेथील लोकांचा इतर चांगल्या लसींवरचाही विश्वास उडाला, हे नुकसान वेगळेच. त्यानंतर नव्या लसी आल्या; आपल्या देशातही ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथून एका लसीची सुमारे दहा हजार लोकांवरील चाचणी सुरू झाली. या कामाला वेळ का लागतो, हे वरील हकिगतीवरून वाचकांच्या ध्यानात येईल.

आता आपल्या घरासंबंधी. घरात कोणाला डेंग्यू झाला असेल तर वर्ष लिहून ठेवा आणि तपासणीचा कागद रेशनकार्डाबरोबर जपून ठेवा. पुढे ताप आला तर ‘यांना अमुक साली डेंग्यू झाला होता’ हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. नेहमीच्या तपासणीत डेंग्यू आहे की नाही एवढेच कळते, प्रकार कळत नाही. म्हणून हा कागद उपयोगी. ज्यांना कधीच झाला नाही असे वाटते त्यांनीही निर्धास्त राहू नये, कारण बहुतेक लागणींत ताप येतच नाही किंवा साधा पडसे-ताप म्हणून निघून जातो.

कापणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेण्याची आपली रीत आहे. पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना ताप असेल तर ही रीत मोडली पाहिजे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढेच. शिवाय पेज, शहाळ्याचे पाणी, मीठ-साखरेचे पाणी भरपूर. पपईच्या पानांचा रस पुष्कळ घरांतून देतात. त्याच्या भरवशावर दवाखाना लांबवू नये, एवढेच सांगतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. डेंग्यूचा धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नव्हे, तो उतरताना असतो, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसात. नेमके त्याच दिवशी बाई म्हणते, ‘अंग गार लागतंय, मी शेतावर जाते.’ त्या दिवशी तिला जाऊ देऊ नये. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, काळी शौच, लघवी कमी होणे, हातपाय थंड पडणे, फार ग्लानी किंवा अस्वस्थपणा, यांतील एक जरी दिसले तरी रात्र उजाडण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेळेवर सलाईन व देखरेख मिळाली तर गंभीर डेंग्यूचे बहुतेक रुग्ण वाचतात.

डासाविषयी एक गैरसमज दूर करावयास हवा. भातखाचरातले पाणी डेंग्यू आणत नाही. तेथे वाढणारे डास निराळे. डेंग्यूचा पांढऱ्या पट्ट्यांचा एडीस डास दिवसा चावतो, घराच्या आसपासच राहतो आणि भांड्यातल्या साठलेल्या पाण्यात वाढतो. उघडे पिंप, रांजण, गुरांची दोण, फुटका टायर, नारळाच्या करवंट्या, पोफळीची गळून पडलेली विरी, रबराच्या झाडाला बांधलेल्या वाट्या, ही त्याची शेते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करावयाची. पण नुसते ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला पाण्याच्या रेघेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. कडा काथ्याने घासली पाहिजे.

विषाणू कोणत्याही क्रमांकाचा असो, त्याला हाच डास लागतो. म्हणून आपल्या दफनभूमीकडेही पाहू या. परदेशांतील दफनभूमींच्या पाहणीत कबरींवरील फुलदाण्यांत या डासाच्या अळ्या पुष्कळ सापडल्या आहेत. २ नोव्हेंबरला मृतात्म्यांच्या स्मरणदिनी आपण फुले ठेवतो. पाण्यासह ती पुढे आठवडेच्या आठवडे तशीच राहतात. या वर्षी फुलदाण्यांत पाण्याऐवजी ओली रेती भरावी. रेतीत फुले चांगली उभी राहतात, ताजीही राहतात. दाराशेजारी रेतीचा ढीग टाकून ठेवला जाईल; येताना घरून एक पाटी किंवा डबा आणावा.